पडद्यावरचा खलनायक, आयुष्यातला नायक : कॉन्राड फाइट



वर्गात एकदा सहज विचारून बघा, जोकर कोणाला माहीत आहे? निम्मा वर्ग हात वर करील. मग विचारा, अल्लादीनच्या कार्टूनमधला दुष्ट वजीर जाफर कोणाला आठवतो? उरलेले हातही वर जातील. पण या दोन्ही चेहऱ्यांमागे एकच माणूस आहे, हे मुलांना तर सोडाच, आपल्यालाही सहसा माहीत नसते. त्या माणसाचे नाव कॉन्राड फाइट. जर्मन चित्रपटसृष्टीतला हा थोर अभिनेता जन्मभर पडद्यावर दुष्ट माणसे रंगवत राहिला. प्रत्यक्षात मात्र तो कसा होता, हे आज आपण पाहणार आहोत.

जन्म आणि शालेय जीवन

कॉन्राड फाइट यांचा जन्म २२ जानेवारी १८९३ रोजी बर्लिन येथे एका साध्या प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. लहानपणी वडिलांवर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. घरची परिस्थिती ओळखून डॉक्टरांनी झेपेल तेवढेच पैसे घेतले. हा चांगुलपणा लहान कॉन्राडच्या मनावर असा कोरला गेला की, आपणही सर्जन व्हायचे असे त्यांनी ठरवून टाकले.

पण अभ्यासात गाडी काही पुढे जाईना. १९१२ मध्ये शाळा संपली तेव्हा १३ मुलांच्या वर्गात त्यांचा नंबर होता तेरावा! प्रमाणपत्रसुद्धा मिळाले नाही. वैद्यकीय शिक्षणाचे स्वप्न तिथेच संपले. मात्र शाळेच्या नाताळच्या नाटकात त्यांनी सुरुवातीचे निवेदन केले होते आणि ते लोकांना फार आवडले होते. शेवटच्या नंबरच्या मुलाला आपली वाट सापडली ती अशी. पुढे बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये मॅक्स राइनहार्ट या नामवंत दिग्दर्शकाच्या हाताखाली त्यांना शिकायला मिळाले.

इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. फाइट यांना सैन्यात जावे लागले आणि १९१५ मध्ये पूर्व आघाडीवर पाठवण्यात आले. तिथे कावीळ आणि न्यूमोनियाने ते गंभीर आजारी पडले. बरे झाल्यावर त्यांनी सैनिकांसाठीच्या नाटक मंडळीत काम केले आणि १९१७ मध्ये सैन्यातून सुटका झाल्यावर ते पुन्हा बर्लिनच्या रंगभूमीवर आले.

मूकपटांचा काळ

तो काळ मूकपटांचा होता. आवाज नाही, संवाद नाहीत. जे काही सांगायचे ते डोळ्यांनी आणि शरीराने. सहा फुटांहून जास्त उंची, किडकिडीत अंग आणि रोखून पाहणारे डोळे ही फाइट यांची शिदोरी होती.

१९१९ मध्ये त्यांनी 'इतरांपेक्षा वेगळे' अशा अर्थाच्या नावाच्या एका जर्मन चित्रपटात काम केले. पुरुषांमधील प्रेमाला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यामुळे आयुष्य उद्ध्वस्त झालेल्या व्हायोलिनवादकाची ती भूमिका होती. त्या काळात असा विषय घ्यायचा म्हणजे धाडसच! पुढच्याच वर्षी चित्रपटावर बंदी आली. पण फाइट भूमिका निवडताना लोक काय म्हणतील एवढाच विचार करत नव्हते, हे तेव्हाच दिसून आले.

१९२० मध्ये 'डॉ. कॅलिगरीचे कपाट' हा चित्रपट आला आणि फाइट यांचे नाव जगभर झाले. वाकडीतिकडी घरे, रंगवलेल्या सावल्या, आणि पेटीत झोपून राहणारा सेझारे. मालकाच्या हुकमावरून हा सेझारे झोपेतच चालत जातो आणि खून करतो. शंभर वर्षांनंतरही चित्रपटांच्या अभ्यासक्रमात हा चित्रपट शिकवला जातो. १९२१ मध्ये 'भारतीय कबर' या भव्य जर्मन चित्रपटात तर ते चक्क एका भारतीय महाराजाच्या भूमिकेत दिसले.

पुढे हॉलिवूडचे बोलावणे आले. १९२८ मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरचा 'हसणारा माणूस' हा चित्रपट प्रदर्शित झाला. लहानपणी चेहरा कापून कायमचे हसू कोरलेल्या दुर्दैवी माणसाची ही कथा. त्या भूमिकेसाठी फाइट यांच्या तोंडात एक साचा बसवलेला असे. त्यामुळे ओठ सतत ताणलेले राहत आणि सगळे दुःख फक्त डोळ्यांतून दाखवावे लागे. हेच छायाचित्र १९४० मध्ये बॅटमनच्या चित्रकथेतील जोकर घडवताना समोर होते. गंमत बघा, मूळ चित्रपटातला तो माणूस दुष्ट नाहीच, अत्यंत कोमल मनाचा आहे. जगाने फक्त त्याचे तोंड पाहिले, डोळे पाहिलेच नाहीत.

एका शब्दाची किंमत

बोलपट आल्यावर फाइट १९२९ मध्ये जर्मनीला परतले. तिथे ते आघाडीचे नट होते. पैसा, मान, काम, कशाचीच कमतरता नव्हती. पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि चित्रपटसृष्टीतून ज्यू कलाकारांना बाहेर काढायला सुरुवात झाली. कलाकारांकडून वंशाची माहिती देणारा फॉर्म भरून घेतला जाऊ लागला.

फाइट स्वतः ज्यू नव्हते. त्यांनी खरे ते लिहिले असते तरी कोणी बोट लावले नसते. पण त्याच वर्षी त्यांनी लिली प्रागर या ज्यू स्त्रीशी लग्न केले होते. त्यांनी फॉर्मवर आपला वंश म्हणून 'ज्यू' असे लिहिले. एकच शब्द! त्या शब्दासरशी मायदेशातली सगळी कारकीर्द त्यांनी पणाला लावली.

पती-पत्नी इंग्लंडला गेले. वयाच्या चाळिशीत, परक्या भाषेत पुन्हा सुरुवात करायची, ही सोपी गोष्ट नाही. १९३४ मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये 'ज्यू झ्यूस' या चित्रपटात एका ज्यू माणसाची भूमिका सहानुभूतीने केली. पुढे १९४० मध्ये नाझींनी याच नावाचा, पण ज्यूंविरुद्ध विष पसरवणारा चित्रपट काढला. एकच नाव, एकच ऐतिहासिक माणूस, पण सांगणाऱ्याच्या हेतूने गोष्ट केवढी बदलते बघा.

१९३९ मध्ये ते ब्रिटिश नागरिक झाले. १९४० च्या 'बगदादचा चोर' मध्ये ते वजीर जाफर झाले. पुढच्या काळात कार्टूनमधला जाफर याच जाफरवरून सुचला. याच चित्रपटात म्हैसूरजवळ जन्मलेला माहुताचा मुलगा साबू त्यांच्यासमोर उभा होता. दरम्यान दुसरे महायुद्ध पेटले होते. आपल्या कमाईचा मोठा भाग फाइट यांनी ब्रिटनच्या युद्धमदतीला दिला.

ज्यांच्यापासून पळाले, त्यांचाच गणवेश

अमेरिकेत गेल्यावर त्यांच्या वाट्याला नेमक्या कोणत्या भूमिका आल्या असतील? नाझी अधिकाऱ्यांच्या! जर्मन उच्चार आणि करारी चेहरा, निर्मात्यांना आणखी काय हवे? फाइट यांनी नकार दिला नाही. मात्र नाझी रंगवायचा तर तो खलनायकच असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

१९४२ चा 'कासाब्लांका' हा त्यांचा सर्वांत गाजलेला बोलपट. त्यातला मेजर स्ट्रासर म्हणजे थंड, सभ्य भाषेत धमकी देणारा नाझी अधिकारी. एका प्रसंगात जर्मन अधिकारी आपले गाणे गात असतात आणि हॉटेलातले लोक उठून फ्रान्सचे राष्ट्रगीत म्हणतात. त्या गर्दीतले कित्येक कलाकार नाझींपासून जीव वाचवून आलेले खरेखुरे निर्वासित होते. आणि समोर नाझी गणवेशात उभे असलेले फाइट? तेही निर्वासितच होते.

हा चित्रपट अमेरिकाभर प्रदर्शित होऊन काही महिनेच झाले होते. ३ एप्रिल १९४३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ खेळत असताना हृदयविकाराच्या झटक्याने फाइट यांचे निधन झाले. वय अवघे ५०. हिटलरचा पराभव पाहायला ते राहिले नाहीत.

आपण यातून काय घ्यायचे?

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक प्रसंग घडतो. शिवाजी महाराज व्हायला वीस मुले तयार, अफझलखान व्हायला कोणीच नाही. एखाद्याला ती भूमिका दिली तर घरून निरोप येतो, आमच्या मुलाला चांगली भूमिका द्या. अशा वेळी पालकांना आणि मुलांना कॉन्राड फाइट यांची गोष्ट जरूर सांगा. वाईट माणूस रंगवणारा वाईट नसतो. उलट वाईटपणा कसा दिसतो, कसा गोड बोलतो, हे ओळखायला तोच आपल्याला शिकवतो.

आणि मोठ्या मुलांच्या वर्गात एक प्रश्न नक्की विचारा : ज्या फॉर्मवर खरे लिहिल्याने आपण सुरक्षित राहतो, पण शेजारचा संकटात सापडतो, त्या फॉर्मवर तुम्ही काय लिहाल? उत्तराची घाई करू नका. मुलांना विचार करू द्या. आपणही करूया.