चेंडू हातात दिला, पण कर्णधारपद नाही दिलं! बाळू पालवणकरांची गोष्ट

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक गमतीशीर काम असतं. एक खेळाडू गुडघा टेकून चेंडू जमिनीवर उभा धरतो आणि दुसरा धावत येऊन किक मारतो. नाव होतं किक मारणाऱ्याचं. तरीही चेंडू धरायला कुणाला बसवायचं यावर संघ भरपूर डोकं लावतात. ज्याचे हात सगळ्यात भरवशाचे, त्याला हे काम मिळतं.

चेंडू कुणाच्या हातात द्यायचा, या प्रश्नाचं उत्तर खेळात एवढंच असायला पाहिजे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात क्रिकेटच्या चेंडूवरून हाच प्रश्न आला, तेव्हा वाद पेटला. कारण सगळ्यात भरवशाचे हात चर्मकार समाजातल्या एका पोराचे होते.

त्यांचं नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म 1876 च्या सुमारास धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे कुटुंब पुण्यात आलं. बाळूंची पहिली नोकरी पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिन्याला 3 रुपये. पुढे 1892 च्या आसपास ते इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये लागले. तिथं नेट बांधायचं कामही आलं आणि पगार झाला 4 रुपये.

इथंच त्यांच्या हातात चेंडू आला. सरावाला गोलंदाज हवा म्हणून इंग्रज खेळाडू त्यांना चेंडू टाकायला लावायचे. जे. जी. ग्रेग हे तिथले मोठे फलंदाज. ते तासन् तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करायचे. ग्रेग आऊट झाले की बाळूंना 8 आणे द्यायचे असंही सांगितलं जातं. बॅट मात्र बाळूंना कुणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचं काम, चेंडू टाकणं हे नोकराचं.

पण झालं असं की या रोजच्या राबण्यातून एक जबरदस्त डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला.

आता पुण्यातल्या हिंदू क्लबला इंग्रजांना हरवायचं होतं. बाळूंना संघात घेतलं तर जिंकायची शक्यता वाढत होती, पण शिवाशिवीचं काय करायचं? क्लबात दोन तट पडले. शेवटी बाळूंना घेतलं, पण अर्धंच. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत होते. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंना बाहेर उभं करून मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवणाचं पानही वेगळं.

बाळू जिंकून देत राहिले. पुढे ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 मध्ये हिंदू संघानं युरोपियन संघाला 109 धावांनी हरवलं. साहेबाचा खेळ, साहेबाचंच मैदान आणि हरला साहेब. त्यामुळं देशभर या विजयाची चर्चा झाली. त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, त्यांचा धाकटा भाऊ शिवरामही संघात होता. तोवर जिमखान्यात बाळूंना इतरांच्या सोबतीनं जेवता येऊ लागलं होतं.

1911 मध्ये भारताचा संघ इंग्लंड दौऱ्यावर गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग. ते दौऱ्यातल्या बऱ्याच सामन्यांत खेळलेच नाहीत. संघ बहुतेक सामने हरला, बाळूंनी मात्र दौऱ्यात 100 हून जास्त विकेट काढल्या. कारकिर्दीतल्या प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांच्या नावावर 179 विकेट आहेत आणि सरासरी आहे फक्त 15.21.

मग साहजिक प्रश्न येतो, असा माणूस हिंदू संघाचा कर्णधार का झाला नाही?

उत्तर चहाच्या त्या भांड्यात आहे. गोलंदाज सांगितलं तेव्हा चेंडू टाकतो. कर्णधार मात्र चेंडू कुणाला द्यायचा ते ठरवतो, आणि बाकीच्या दहा जणांना त्याचं ऐकावं लागतं. दलित माणसानं आपल्याला हुकूम सोडावा, हे अनेकांना पचत नव्हतं. 1910 नंतर बाळूंना कर्णधार करा ही मागणी वारंवार झाली आणि वारंवार डावलली गेली.

1920 मध्ये ठिणगी पडली. बाळूंना संघातूनच वगळलं गेलं आणि त्यांचा भाऊ विठ्ठल यांची कर्णधारपदावर दावेदारी असताना तीही नाकारली गेली. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निषेध करून माघार घेतली. शेवटी निवड समितीला नमतं घ्यावं लागलं. बाळू उपकर्णधार म्हणून परतले. सामन्यात कर्णधार एम. डी. पै मैदानाबाहेर गेले आणि थोड्या वेळासाठी का होईना, संघाची सूत्रं बाळूंच्या हातात आली. पुढं 1923 मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्यांनी संघाला विजेतेपद मिळवून दिलं.

बाळूंची पुढची इनिंग राजकारणातली. तरुण आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता, पण नंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बाळू गांधींच्या बाजूनं राहिले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 मध्ये काँग्रेसनं त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं. बाळू हरले, पण लढत चुरशीची झाली.

4 जुलै 1955 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यानंतर सव्वा वर्षानं, 16 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरच्या सोहळ्यापाठोपाठ बाबासाहेबांनी चंद्रपुरात लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. चंद्रपूर-गडचिरोलीत आजही तो दिवस मोठ्या गर्दीनं पाळला जातो. मंदिराच्या आणि जिमखान्याच्या दारात उभं राहून आत घेण्याची वाट पाहायची की ते घरच सोडायचं, या प्रश्नाला बाबासाहेबांनी दिलेलं ते उत्तर होतं.

बाळू आयुष्यभर आत राहून लढले. त्यांना मिळालं बरंच, आणि जे मिळालं ते प्रत्येक वेळी विकेट काढून मिळवावं लागलं. त्यांच्यापेक्षा कमी खेळणाऱ्यांना कर्णधारपदासाठी अशी कुठलीच परीक्षा द्यावी लागली नव्हती.