बालगंधर्व आणि त्यांचा शालू

नाटकातला पोशाख ही केवळ सजावट असते असे पुष्कळांना वाटते. पोशाख माणूस घडवतो, त्याला कीर्ती देतो, आणि कधी कधी त्याला धुळीलाही मिळवतो. नारायण श्रीपाद राजहंस यांच्या, म्हणजेच बालगंधर्वांच्या चरित्राकडे मी या दृष्टीने पाहतो.

26 जून 1888 रोजी जन्मलेल्या नारायणाचा आवाज लहानपणापासूनच गोड. त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटले, असे सांगतात. 1905 साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत आला आणि शकुंतला झाला. मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यामुळे आपल्या नियतकालिकाच्या कानडी विभागातल्या मित्रांचाही या कथेवर हक्क आहे.

त्या काळी कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. स्त्री साकारायची ती पुरुषानेच. लुगडे नेसून पुरुष बाई होत नाही. चालणे, बसणे, पदर सावरणे, मान वळवणे हे सारे बदलावे लागते. नऊवारी लुगड्याचा काष्टा घातला की पाय मोकळे राहतात, पण निऱ्यांचा घोळ आणि जरीच्या पदराचे वजन सांभाळावे लागते. नारायणरावांनी ही कला इतकी आत्मसात केली, की त्यांची नेसण, अंबाडा आणि गजरा पाहून घरोघरीच्या बायका तसा साज करू लागल्या. बाईपणाचा नमुना बायकांनी एका पुरुषाकडून उचलावा, ही गोष्ट आजही मला विचारात पाडते.

12 मार्च 1911 रोजी मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. ते अवघे बावीस वर्षांचे होते. तरीही ते भामिनीचा साज चढवून उभे राहिले आणि प्रयोग पार पडला. या निष्ठेचे आपण कौतुक करतो. पण त्या वस्त्रालंकारांखाली त्या रात्री एक बाप उभा होता, हे विसरून कसे चालेल?

योगायोग असा, की 12 मार्च हीच तारीख पाश्चात्त्य नृत्याच्या इतिहासातही महत्त्वाची आहे. 1832 साली त्या दिवशी पॅरिसमध्ये मारी ताल्योनी 'ला सिल्फीद' या बॅलेत तलम, पांढऱ्या, घोळदार झग्यात नाचली. पुढे हा झगा आखूड होत गेला, पायांचे काम दिसू लागले, आणि त्याला टुटू हे नाव मिळाले. ताल्योनीची शिष्या एमा लिव्री हिने मात्र आगीपासून रक्षण करणारा, पण कडक व निस्तेज होणारा झगा नाकारला. 1862 साली तालमीत गॅसच्या दिव्याने तिचा झगा पेटला आणि पुढच्या वर्षी ती मरण पावली.

नारायणरावांना शालूने जाळले नाही, पण पैसा मात्र जाळला. 1913 साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 साली 'स्वयंवर'मधली त्यांची रुक्मिणी गाजली. खरे शालू, उंची गालिचे, अत्तरे. खोटे काही चालत नसे. प्रेक्षकांपुढे हलके काही ठेवायचे नाही, हा त्यांचा बाणा. मंडळीवर मोठे कर्ज झाले आणि ते फेडण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे खेळ करावे लागले.

मात्र त्यांचे मोठेपण शालूत होते, असे मी मानत नाही. 1919 साली बडोद्यात 'एकच प्याला' रंगभूमीवर आले, तेव्हा गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यातली सिंधू दळण दळून दिवस काढणारी. तिथे जरीला जागाच नाही. तरीही प्रेक्षक रडले. गाणे आणि भाव खरे असले की वस्त्राची श्रीमंती लागत नाही, हे त्यांनी स्वतःच सिद्ध केले. दुर्दैवाने हिशेबाच्या वहीत हा धडा उतरला नाही.

काळ बदलला. बोलपट आला. 1933 साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे यांनी स्त्रीभूमिका केली. आज विद्यानगरातल्या आमच्या स्नेहसंमेलनात मुलींच्या भूमिका मुलीच करतात, आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. 1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त नारायणराव संत एकनाथ झाले; लुगडे गेले, पण ज्या रूपावर लोक लुब्ध होते, तेही त्याबरोबर गेले. पुढे तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या गोहरबाई कर्नाटकी त्यांच्याबरोबर नाटकांतून काम करू लागल्या. 1951 साली दोघांचा विवाह झाला. 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळाले, त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. 15 जुलै 1967 रोजी नारायणरावांचे निधन झाले.

त्यांची उधळपट्टी आपण अनुसरू नये. पण समोर बसलेल्या प्रेक्षकाला आपल्याजवळचे उत्तम तेच द्यायचे, ही त्यांची वृत्ती मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने आणि प्रत्येक शिक्षकानेही घ्यावी. तिला ना शालू लागतो, ना कर्ज.