डॉ. वसंत रामजी खानोलकर

असाध्य रोगाने माणूस दगावला, की पूर्वी लोक दैवाला दोष देऊन स्वस्थ बसत. परंतु रोग शरीरात कोठे शिरला, त्याने कोणत्या पेशी बिघडविल्या आणि तो कशामुळे उद्भवला, याचा शोध घेणारे एक शास्त्र आहे. त्यास विकृतिशास्त्र म्हणतात. न्यायाधीश जसा पुराव्यावाचून निकाल देत नाही, तसा विकृतिशास्त्रज्ञही सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासल्यावाचून रोगाचे निदान करीत नाही. भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय मराठी कुटुंबात झाला. त्यांचे वडील क्वेट्टा येथे वैद्यकीय व्यवसाय करीत. वसंतरावांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी संपादन केली. धनार्जनाचा सुलभ मार्ग सोडून त्यांनी अध्यापन व संशोधन हेच आपले जीवितकार्य मानले. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडविल्या.

१९४१ मध्ये मुंबईतील परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांनी वाहिली. कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढता येई; परंतु रोगाचे मूळ घराघरांतील सवयींत दडलेले असेल, तर एकट्या शस्त्राने काय होणार? म्हणून त्यांनी रुग्णाच्या पेशींबरोबरच त्याच्या राहणीचाही अभ्यास केला. तंबाखू व चुना मळून ओठाच्या आत धरून ठेवणाऱ्यांना नेमका त्याच जागी कर्करोग होतो, हे त्यांनी दाखवून दिले. वर्षानुवर्षे धोतर घट्ट कसून नेसल्याने कमरेची त्वचा घासली जाते व क्वचित तेथेही कर्करोग उद्भवतो, हे १९४५ मध्ये त्यांनी जगापुढे मांडले. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर कसा आघात करतात, याविषयीचे त्यांचे संशोधनही मोलाचे ठरले.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याचे पहिले संचालकपद खानोलकरांकडे आले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले व १९६३ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

खानोलकरांचे कार्य प्रयोगशाळेच्या चार भिंतींत संपत नाही. परतवाड्याच्या बाजारात एखाद्या वऱ्हाडी शेतकऱ्याने तंबाखूची पुडी घेण्यासाठी पुढे केलेला हात आवरून घेतला, तर त्या क्षणी या थोर संशोधकाचे श्रम सार्थकी लागतात. रोगाचे कारण कळले, की तो टाळण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर येते, हाच त्यांच्या जीवनाचा बोध होय.