कमल रणदिवे : शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र मुंबईत रुजवणाऱ्या कॅन्सर संशोधक

8 नोव्हेंबर 2021 ला गुगलवर मायक्रोस्कोपमध्ये पाहणाऱ्या एका बाईंचं डूडल झळकलं आणि अनेकांनी हे नाव पहिल्यांदा सर्च केलं. डॉ. कमल रणदिवे. विदर्भातून कॅन्सरचा पेशंट घेऊन मुंबईत ‘टाटा’ला जाणाऱ्या कित्येकांना तर हे नाव अजूनही माहीत नसेल.

1917 साली पुण्यात जन्मलेल्या कमल या माहेरच्या समर्थ. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा होती. कमल यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, एमएस्सीला सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला आणि लग्न केलं ते गणितज्ज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी.

लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. टाटा मेमोरियलमध्ये नोकरी मिळाली आणि प्रसिद्ध पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएचडी झाली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. 1951 मध्ये ‘हेला’ या जगप्रसिद्ध कॅन्सर पेशी वाढवल्या गेल्या, त्या याच गे यांच्या प्रयोगशाळेत.

तिथे राहणं सोपं होतं, पण त्या परतल्या. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. ही देशातली अशी पहिली प्रयोगशाळा मानली जाते. टिश्यू कल्चर म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात, पोषक द्रवात जिवंत ठेवणं आणि वाढवणं. हा द्रव तयार करण्यापासूनची कामं 1960 च्या दशकात त्यांच्या टीमने इथेच केली. 1966 ते 1970 त्या सेंटरच्या प्रभारी संचालक होत्या. कार्सिनोजेनेसिस आणि पेशी जीवशास्त्रासोबत इम्युनॉलॉजीचा, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा, स्वतंत्र विभागही त्यांनी सुरू केला.

कॅन्सरच्या संशोधनात इम्युनॉलॉजी कशासाठी? आपल्या टी-पेशी बिघडलेल्या पेशी ओळखून मारू शकतात. पण गाठही शांत बसत नाही. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींना ती स्वतःकडे ओढते आणि त्यांच्याकडून उलटीच कामं करून घेते. मग याच पेशी गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, टी-पेशींना थोपवतात. थोडक्यात, पहारेकरीच फितूर होतात.

रणदिवे यांचं स्वतःचं मोठं काम मात्र उंदरांवरचं. स्तनाचा कॅन्सर काही उंदरांनाच का होतो, यात आनुवंशिकता, हार्मोन्स आणि ट्यूमर व्हायरस यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे त्यांनी शोधलं.

कुष्ठरोगातही प्रश्न प्रतिकार पेशींचाच आहे. त्याचा जंतू मॅक्रोफेजमध्येच घर करतो, आणि आजाराच्या तीव्र प्रकारात टी-पेशी त्याच्याविरुद्ध जवळपास गप्पच राहतात. 1958 मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून घेतलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचं जाहीर केलं. तो कुष्ठरोगाचा नव्हे, त्याच कुळातला वेगळा जंतू असल्याचं पुढे दिसलं. तरी त्यापासून बनवलेली ‘आयसीआरसी’ लस दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत बऱ्यापैकी संरक्षण देणारी ठरली. चुकीच्या जंतूची बरोबर लस, असंच म्हणावं लागेल!

त्या सेंटरचा वारसा आज खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’कडे आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेल्या ‘नेक्सकार19’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. यात पेशंटच्याच टी-पेशी बाहेर काढतात, कॅन्सर ओळखता यावा म्हणून त्यांच्यात जनुकीय बदल करतात, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवतात आणि पुन्हा शरीरात सोडतात. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये, इतर औषधं थकल्यावर, हा उपचार वापरतात. या उपचाराचं श्रेय रणदिवे यांचं नाही. पण माणसाच्या पेशी बाहेर वाढवण्याचं तंत्र या संस्थेत रुजवलं ते त्यांनी.

1973 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन सुरू केली. 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, काम सुटलं नाही. अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती त्या गोळा करत होत्या, गावातल्या बायकांना आरोग्याचं प्रशिक्षण देत होत्या. 2001 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.