सीमेवरचा पंतप्रधान

माणूस आपल्या जागी बसून राहिला आणि देशाची सीमाच त्याच्या घरावरून सरकून गेली, तर तो माणूस कोणाचा? विसाव्या शतकातल्या युरोपात हा प्रश्न लाखो लोकांच्या वाट्याला आला. त्यातल्याच एकाने पुढे इटलीचे पंतप्रधानपद सलग साडेसात वर्षांहून अधिक काळ सांभाळले, शेजारच्या देशाशी भाषिक अल्पसंख्याकांविषयी एक करार केला आणि युरोपच्या एकीकरणाचा पाया घातला. त्यांचे नाव आल्चिदे दे गास्पेरी. मुसोलिनी आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. त्याने मांडलेला पसारा ज्यांना आवरावा लागला, त्या दे गास्पेरींची मात्र आपल्याकडे फारशी ओळख नाही.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८१ रोजी पिएवे तेसिनो या डोंगराळ गावात झाला. वडील पोलीस दलात, घरची परिस्थिती बेताची. हा भाग म्हणजे त्रेंतिनो. आज तो इटलीत आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. पुढची सारी गोष्ट कळायला इथला नकाशा थोडा डोळ्यांसमोर हवा. आल्प्समधली ब्रेनर खिंड ओलांडून दक्षिणेला उतरले की आधी जर्मन बोलणाऱ्यांचा दक्षिण टिरोल लागतो. बोल्झानो हे त्याचे मुख्य शहर. आणखी खाली गेले की इटालियन बोलणाऱ्यांचा त्रेंतिनो आणि त्याचे शहर त्रेंतो. साम्राज्याने हे दोन्ही मुलूख टिरोल नावाच्या एकाच प्रांतात घातले होते. प्रांताचा कारभार चाले खिंडीपलीकडच्या इन्सब्रुकमधून, आणि तिथे बहुमत जर्मन भाषकांचे. त्रेंतिनोतला इटालियन माणूस आपल्याच गावात बहुसंख्य आणि आपल्याच प्रांतात अल्पसंख्य होता. ‘सीमाभाग’ या शब्दाला काय काय चिकटलेले असते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

या इटालियन मुलांना आपल्या भाषेतले विद्यापीठ नव्हते. तरुण आल्चिदे शिकायला व्हिएन्नाला गेला, तिथे भाषा आणि साहित्य शिकला आणि विद्यार्थी चळवळीत पडला. १९०४ मध्ये सरकारने इन्सब्रुकला इटालियन भाषेतून कायदा शिकवण्याची सोय केली. उद्घाटनाच्याच दिवशी जर्मन राष्ट्रवाद्यांचा जमाव चालून आला, इमारतीची मोडतोड झाली आणि शंभरावर इटालियन विद्यार्थ्यांना अटक झाली. त्यात आल्चिदेही होता. काही दिवस कोठडीत काढून तो सुटला, पण ते शिक्षण मात्र तिथेच बंद पडले. मातृभाषेतल्या वर्गाची किंमत किती असते, हे त्याला वयाच्या तेविसाव्या वर्षीच कळले.

पदवीनंतर ते त्रेंतोच्या एका कॅथलिक दैनिकाचे संपादक झाले आणि १९११ मध्ये व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेले. त्रेंतिनोला इन्सब्रुकच्या कारभारातून मोकळे करावे, आपला कारभार आपल्याला करू द्यावा, ही त्रेंतिनोची जुनी मागणी. ती ते लावून धरत, पण साम्राज्याच्या कायद्यात राहून. त्रेंतोचे समाजवादी नेते चेझारे बात्तिस्ती यांनी दुसरी वाट धरली. पहिल्या महायुद्धात ते इटलीच्या बाजूने लढले, पकडले गेले आणि १९१६ मध्ये ऑस्ट्रियाने त्यांना फाशी दिली. दे गास्पेरी त्या वर्षांत रणभूमीवरून हलवलेल्या त्रेंतिनोच्या विस्थापितांच्या छावण्यांतून फिरत होते, त्यांच्या अन्नवस्त्रासाठी सरकारदरबारी खेटे घालत होते. पुढे इटलीत विरोधकांनी त्यांना ऑस्ट्रियाचा माणूस म्हणून हिणवले, त्याचे मूळ या काळात आहे.

युद्ध संपले, साम्राज्य कोसळले. १९१९च्या तहाने ब्रेनरपर्यंतचा सारा प्रदेश इटलीला मिळाला. त्रेंतिनोचे इटालियन एका रात्रीत बहुसंख्याकांच्या देशात आले आणि दक्षिण टिरोलचे दोन लाखांवर जर्मन भाषक तितक्याच सहज अल्पसंख्य झाले. फासा उलटा पडला. दे गास्पेरी १९२१ मध्ये रोमच्या संसदेत निवडून आले. नव्या प्रांतांची जुनी स्वायत्तता मोडू नये, असे ते सांगत होते. पण १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला. आरंभी दे गास्पेरींच्या पक्षाने त्याच्या मंत्रिमंडळाला साथ दिली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही.

दक्षिण टिरोलवर मग जे कोसळले ते भयंकर होते. १९२३ मध्ये एत्तोरे तोलोमेई याने बोल्झानोच्या नाट्यगृहात ३२ कलमी कार्यक्रम जाहीर केला. त्यानंतर जर्मन शाळा बंद झाल्या, कचेऱ्यांतून जर्मन हद्दपार झाली, गावांची नावे बदलली, माणसांची आडनावे बदलली, थडग्यांवरच्या अक्षरांनाही बंदी आली. घराघरांत चोरून जर्मन वर्ग भरू लागले. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी या लोकांपुढे पर्याय ठेवला: भाषा टिकवायची तर गाव सोडून जर्मन राष्ट्रात जा, गाव टिकवायचे तर भाषा विसरा. बहुसंख्यांनी जाण्याच्या कागदावर सही केली. सुमारे ७५ हजार प्रत्यक्ष गेले. भावाभावांत उभा दावा पडला.

दे गास्पेरींना १९२७ मध्ये पत्नीसह रेल्वेप्रवासात अटक झाली. सुमारे १६ महिने कैदेत काढून ते सुटले तेव्हा त्यांना नोकरी द्यायला कोणी धजेना. अखेर १९२९ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पुस्तकांची सूची करण्याचे काम मिळाले. पगार जेमतेम, पदरी मुली. जर्मनमधून भाषांतरे कर, टोपणनावाने लेख लिही, अशी त्यांनी युद्धाच्या ऐन भरापर्यंतची वर्षे काढली. मोठ्या माणसाच्या चरित्रातली अशी वर्षे लोक दोन ओळींत उरकतात. मी उभी हयात बँकेत खतावण्या आणि रकाने यांत काढली, म्हणून मला ती वर्षे महत्त्वाची वाटतात. एकेक कार्ड नीट लिहिणारा माणूस पुढे करारातले एकेक कलमही नीट लिहितो.

मुसोलिनी गेला. डिसेंबर १९४५ मध्ये ६४ वर्षांचे दे गास्पेरी पंतप्रधान झाले. पुढच्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत हरलेल्या देशाची बाजू मांडायला ते उभे राहिले, तेव्हा सभागृह थंड होते. ऑस्ट्रियाला दक्षिण टिरोल परत हवा होता आणि तशा मागणीवर तिथल्या १ लाख ५५ हजार लोकांनी सह्या केल्या होत्या. पण बड्या राष्ट्रांनी ती मागणी तोवर फेटाळली होती. सीमा हलणार नव्हती. मग सीमेच्या आतल्या माणसांचे काय?

ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रुबर मूळचे इन्सब्रुकचे, वय ३७. दे गास्पेरी ६५ वर्षांचे. जिथे तरुण आल्चिदेला अटक झाली होती त्या शहराच्या सुपुत्राबरोबर त्यांनी ५ सप्टेंबर १९४६ रोजी पॅरिसमध्ये छोटासा करार केला. जर्मन भाषकांना प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण मातृभाषेत मिळेल. कचेऱ्यांत, सरकारी कागदांत, गावांच्या नावांत दोन्ही भाषांना समान स्थान राहील. बदललेली आडनावे परत घेता येतील. सरकारी नोकऱ्यांत दोन्ही समाजांचे प्रमाण अधिक न्याय्य केले जाईल. १९३९ मध्ये देश सोडण्याची सही केलेल्यांचा फेरविचार होईल. आणि प्रदेशाला स्वायत्तता मिळेल. हा करार इटलीच्या शांतता तहाला जोडला गेला. काउंटरवर आयुष्य काढलेल्या माणसाला या कलमांचे मोल पटकन कळते. समोरचा अर्ज आपल्या भाषेत छापलेला असला तर माणूस ताठ उभा राहतो, नसला तर ‘साहेब, एवढे भरून द्या’ म्हणून अजिजी करतो.

पण स्वायत्तता नेमक्या कोणत्या प्रदेशाला, हे करारात मोघम राहिले होते. १९४८ मध्ये कायदा झाला तेव्हा दक्षिण टिरोल आणि त्रेंतिनो यांचा मिळून एकच प्रदेश केला गेला. त्यात बहुमत इटालियनांचे आणि महत्त्वाचे अधिकार त्रेंतोकडे. आपल्या त्रेंतिनोलाही स्वायत्तता मिळावी, ही दे गास्पेरींची जन्माची आस होती, आणि ती मुळीच अयोग्य नव्हती. पण झाले असे, की बोल्झानोचा जर्मन भाषक आपल्याच गावात बहुसंख्य आणि आपल्याच प्रदेशात अल्पसंख्य झाला. इन्सब्रुककडून तरुणपणी त्रेंतिनोला जे सोसावे लागले, जवळजवळ तेच आता त्रेंतोकडून बोल्झानोला. ज्याने ती कळ स्वतः भोगली, त्याच्याच कारकिर्दीत हे घडावे! सत्तेच्या खुर्चीवरून माप घालताना हात आखडतो, तो सज्जनाचाही आखडतो.

याच काळात त्यांचे डोळे सीमांच्याही पलीकडे लागले होते. फ्रान्सचे रॉबेर शुमान लक्झेंबर्गमध्ये जन्मलेले, लोरेनच्या सीमाभागातले. जर्मनीचे कोनराड आडेनाउअर ऱ्हाईनकाठचे. तिघेही कॅथलिक, तिघांनाही जर्मन येत होती. १९५० मध्ये शुमान यांनी कोळसा आणि पोलाद यांच्या उत्पादनाचा कारभार सामाईक करण्याची योजना मांडली. १९५१ मध्ये सहा देशांनी त्यावर सह्या केल्या, त्यात इटली होता. पुढे युरोपच्या सामाईक सैन्याची कल्पना निघाली तेव्हा, सैन्य सामाईक असेल तर त्याला जाब विचारणारी लोकनियुक्त सभाही सामाईक हवी, असा आग्रह दे गास्पेरींनी धरला आणि तसे कलम करारात घालून घेतले. १९५३ मध्ये त्यांचे पंतप्रधानपद गेले. १९ ऑगस्ट १९५४ रोजी त्रेंतिनोतल्याच सेल्ला दि वालसुगाना येथे ते वारले. अकरा दिवसांनी फ्रान्सच्या संसदेने सामाईक सैन्याचा करार गुंडाळून ठेवला.

दक्षिण टिरोलची धग तर वाढतच गेली. १९५७ मध्ये सिल्व्हियुस मान्यागो यांच्या सभेला हजारो लोक जमले. त्रेंतोपासून सुटका करा, ही त्यांची मागणी. ऑस्ट्रियाचे ब्रुनो क्राइस्की यांनी १९६० मध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. दाद मागायला हातात कागद होता तो १९४६चाच. १९६१च्या जूनमध्ये एका रात्रीत विजेचे तीसहून अधिक मनोरे उडवले गेले. पुढच्या वर्षांत माणसेही मेली. शेवटी वाटाघाटी फळाला आल्या. १९७२ मध्ये नवा कायदा झाला, बहुतेक अधिकार बोल्झानोकडे आले, नोकऱ्यांची वाटणी भाषिक प्रमाणात ठरली आणि नोकरीसाठी दोन्ही भाषांची परीक्षा आली. १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे जाहीर केले. म्हणजे त्या छोट्या कराराची थकबाकी वसूल व्हायला ४६ वर्षे लागली.

१९९५ मध्ये ऑस्ट्रिया युरोपीय संघात आला आणि १९९८ मध्ये ब्रेनरवरची नित्याची तपासणी बंद झाली. २०११ मध्ये टिरोल, दक्षिण टिरोल आणि त्रेंतिनो यांनी मिळून एक संयुक्त संस्था काढली. इन्सब्रुक, बोल्झानो आणि त्रेंतो, ज्यांनी आळीपाळीने एकमेकांवर हुकूम चालवला, ती तिन्ही शहरे आता एका टेबलाशी बसतात. यात दे गास्पेरींचे श्रेय किती? करार अपुरा होता आणि त्याची अंमलबजावणी त्याहून अपुरी. तरीही शेजारच्या देशापुढे आपल्या अल्पसंख्याकांची हमी लिहून देण्याचे धाडस त्यांनी केले, आणि लिहून दिलेले कधी ना कधी मागता येते. बोल्झानोच्या रस्त्यांवर आज दोन भाषांतल्या पाट्या आहेत. तिथून जाणाऱ्या शाळकरी पोराला त्यात विशेष काही वाटत नाही. वाटू नये, हेच चांगले.