शल्यविशारद सर फ्रेडरिक ट्रेव्हज

आपल्या पोटात उजव्या बाजूस, लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्याच्या जवळच, करंगळीसारखी एक पोकळ शेपटी असते. शास्त्रीय मराठीत तिला आंत्रपुच्छ म्हणतात. आपण सारे अपेंडिक्सच म्हणतो. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर हिच्या खात्यावर जमा फारच थोडी, आणि खर्ची पडलाच तर थेट प्राण! या शेपटीशी ज्यांचे आयुष्य विलक्षण रीतीने बांधले गेले, त्या एका इंग्रज सर्जनची ही हकीकत.

फ्रेडरिक ट्रेव्हज यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८५३ रोजी डॉर्चेस्टर गावी झाला. वडील खुर्च्या-कोचांना गाद्या बसविण्याचा धंदा करीत. मुलगा लंडनला जाऊन व्हाइटचॅपलसारख्या गरीब वस्तीतील लंडन हॉस्पिटलमध्ये सर्जन झाला. हॉस्पिटलसमोरच्या एका दुकानात पैसे घेऊन दाखविला जाणारा ‘हत्ती-माणूस’ जोसेफ मेरिक १८८४ साली त्यांच्या दृष्टीस पडला. पुढे १८८६ पासून १८९० साली मृत्यू येईपर्यंत मेरिकला त्याच हॉस्पिटलात आसरा मिळाला. (आपल्या आठवणींत मात्र ट्रेव्हज यांनी त्याचे नाव जॉन असे लिहिले आहे!) सामान्य माणूस त्यांना ओळखतो तो या मेरिकमुळे, डॉक्टर मंडळी ओळखतात ती पोटाच्या शस्त्रक्रियांमुळे.

त्या काळी पोट उघडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण वाटे. अपेंडिक्सचे तोंड बंद झाले की आत जंतू माजतात, सूज येते. बेंबीभोवती सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकते. ती फुटली तर पू पोटभर पसरतो. १८८६ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या रोगाला अपेंडिसायटिस हे नाव दिले आणि वेळ न दवडता शस्त्रक्रिया करावी असे मांडले. ट्रेव्हज सावध पंथाचे. शक्यतो दुखणे शमू द्यावे आणि मग शांत काळात शस्त्रक्रिया करावी, असे त्यांचे मत होते, आणि इंग्लंडात त्यांच्या शब्दाला वजन होते.

मग १९०० साल उजाडले. त्यांची धाकटी मुलगी हेटी, वय अवघे अठरा. तिचे अपेंडिक्स फुटले आणि ती गेली. ज्या रोगात बापाचा हात धरणारा देशात क्वचितच कोणी असेल, त्याच रोगाने! याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

दोनच वर्षांनी तोच रोग राजवाड्यात आला. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. देशोदेशींचे पाहुणे लंडनमध्ये जमले होते. राजाच्या पोटात गळू झाले होते, पण समारंभ पुढे ढकलायला तो तयार होईना. तसे केल्यास मंदिरात आपले प्रेतच जाईल, असे ट्रेव्हज यांनी त्याला बजावले म्हणतात. राजा साठ वर्षांचा, देह स्थूल. तो टेबलावर दगावला असता तर सर्जनचे काय झाले असते! २४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यातच त्यांनी पोट उघडले, पू काढला आणि अपेंडिक्सला हातही न लावता काम आटोपले. दुसऱ्या दिवशी राजा उठून बसला होता. राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. ट्रेव्हज यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली, आणि अपेंडिक्सची शस्त्रक्रिया लोकांना परिचयाची झाली.

याच राज्याभिषेकासाठी आपल्या कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज विलायतेला गेले होते. नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा प्रसिद्ध आदेश २६ जुलै १९०२ चा, म्हणजे त्याच दौऱ्याच्या काळातला.

आज या शेपटीला अगदीच निकामी कोणी म्हणत नाही. डार्विनने १८७१ साली तिला पूर्वजांचा अवशेष ठरविले होते. पण तिच्यात रोगप्रतिकारक पेशींचे दाट जाळे असते, आणि जुलाबात आतडी धुऊन निघाली तरी उपकारक जंतू तिच्या कोपऱ्यात टिकून राहतात, असा तर्क अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली मांडला. अर्थात ती काढून टाकली तरी माणूस सुखाने जगतो.

ट्रेव्हज यांनी पुढे शस्त्र खाली ठेवले आणि प्रवासवर्णने लिहिली. शेवटची वर्षे स्वित्झर्लंडमध्ये काढली. ७ डिसेंबर १९२३ रोजी लोझान येथे त्यांचा अंत झाला. कारण पुन्हा पोटातलेच, उदरावरणाचा दाह. २ जानेवारी १९२४ ला डॉर्चेस्टर येथे त्यांचा अंत्यविधी झाला, तेव्हा त्याच गावचे कादंबरीकार थॉमस हार्डी वयाच्या ८३ व्या वर्षी जातीने हजर होते.