दासोपंतांची पासोडी

शके १४७३ (इ. स. १५५१) मध्ये दासोपंत देशपांडे घराण्यात जन्मले. साऱ्याच्या थकबाकीपोटी बिदरच्या दरबाराने हे पोर ओलीस ठेवले नि श्रीदत्तांनी सोडविले, असे सांगतात. पुढे घरदार सोडून पंत आंबेजोगाईस राहिले. शके १५३७ मध्ये तेथेच समाधिस्थ झाले.

‘गीतार्णव’ तर अफाटच! पण आमचे मन अडते पासोडीपाशी. बाकीपोटी जो देह गहाण पडला, त्याचीच झडती पंतांनी लांबलचक कापडावर लिहिली. तेच पंचीकरण : प्रत्येक भूत अर्धे स्वतःचे, उरलेल्या चौघांचा अष्टमांश एकेक. सूत उकलले तर कापड उरत नाही. भूते निवडली तर ‘मी’ कोठे, सांगा बरे! विज्ञानही म्हणते, डोळ्याला प्रकाशाचा चिमूटभरच भाग दिसतो.

आणि आम्ही? साठी उलटली, तरी कीर्तनाआधी आरशात फेटा सारखा करतो नि म्हणतो, हाच मी.